शिमोनाच्या घरची पंगत

लूकच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात एक जेवण आहे. शिमोन नावाच्या परूशाने येशूला घरी बोलावलं आहे. परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, उपास आणि दशांश न चुकवणारा, गावात मान असलेला माणूस. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाहुणे कोपरावर रेलून, पाय मागे पसरून जेवताहेत. आणि गावातली एक बाई आत येते. ती पापी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाप काय, ते लूक सांगत नाही. तिचं नावही सांगत नाही. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस थोर ग्रेगरी या पोपांनी एका प्रवचनात तिला मग्दालिया मरीया ठरवलं आणि शतकानुशतकं चित्रकारांनी तीच समजूत रंगवली. शास्त्रात तसं कुठेही नाही. मला तिचं निनावी राहणंच बरं वाटतं. नाव नसल्यामुळे तिच्या जागी कुणालाही उभं राहता येतं.

तिच्या हातात सुगंधी तेलाची अलाबास्त्र कुपी आहे. ती येशूच्या मागे, पायांशी उभी राहते आणि तिला रडू फुटतं. आसवं पायांवर पडतात. पुसायला जवळ काही नाही, म्हणून ती केस मोकळे सोडते आणि त्या केसांनी पाय पुसते. पायांचे मुके घेते, मग त्यांना तेल लावते. चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर बाईने केस सोडणं त्या समाजात काय समजलं जात असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही खेडेगावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ती एक शब्दही बोलत नाही. क्षमा मागत नाही, पुढे कशी वागेन याचं वचन देत नाही. नव्या करारात मनापासून केलेल्या उपासनेचं याहून पुरतं चित्र मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

शिमोन मनात म्हणतो, हा खरा संदेष्टा असता तर ही कोण आहे हे त्याला कळलं असतं. येशू त्या मनातल्या बोलाला उत्तर देतो ते एका गोष्टीने. एका सावकाराचे दोन ऋणको होते. एकाकडे पाचशे दीनार येणं होतं, दुसऱ्याकडे पन्नास. दोघांकडेही फेडायला काही नव्हतं, तेव्हा त्याने दोघांनाही सोडून दिलं. त्यांच्यापैकी कोण त्याच्यावर जास्त प्रीती करील? शिमोन जरा सावधपणे म्हणतो, ज्याला जास्त सोडलं तो, असं वाटतं.

द्राक्षमळ्यात राबणाऱ्या मजुराचा एका दिवसाचा रोज म्हणजे एक दीनार, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळतं. म्हणजे एकाचं कर्ज दीड वर्षाच्या मजुरीहून जास्त आणि दुसऱ्याचं दोन महिन्यांच्या आतबाहेर. या दृष्टान्तावरची प्रवचनं बहुतेक पाचशेवाल्याबद्दल असतात. मला मात्र पन्नासवाला अस्वस्थ करतो. त्याच्याकडेही फेडायला काही नव्हतं. कर्ज लहान होतं खरं, पण गाठीला तेवढेही नव्हते. सावकाराच्या दारात दोघेही सारखेच रिते उभे होते. मोठ्या कर्जदाराला आपली अवस्था माहीत होती. धाकट्याला, शेजाऱ्याच्या मानाने आपलं बरं चाललंय, असं वाटत राहिलं असणार. आमच्या मंडळ्यांमधले बहुतेक जण हे पन्नासवाले आहेत. पिढीजात ख्रिस्ती, लहानपणी बाप्तिस्मा झालेले, पुढे मंडळीत रीतसर दाखल झालेले, दारू नाही, भानगड नाही, वर्गणी वेळेवर. त्यांची उपासना कोरडी असते ती त्यांचं मन वाईट असतं म्हणून नव्हे. आपल्यालाही काहीतरी सोडून दिलेलं आहे, हे त्यांच्या खिजगणतीतच नसतं.

यानंतर लूकने एक बारीक तपशील दिला आहे. येशू तोंड त्या बाईकडे वळवतो आणि बोलतो शिमोनाशी. ही बाई तुला दिसते का, असं विचारतो, आणि मग एकेक गोष्ट मोजून सांगतो. तुझ्या घरी आलो तेव्हा पायांवर घ्यायला तू पाणी दिलं नाहीस, हिने आसवांनी पाय भिजवले. तू मुका घेतला नाहीस, ही थांबलेली नाही. तू डोक्याला तेल लावलं नाहीस, हिने पायांना सुगंधी तेल लावलं. शिमोनाने काय दिलं नाही ते बघा. तांब्याभर पाणी. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पायांवर घ्यायला पाणी देणं ही आमच्या वस्त्यांवरसुद्धा सगळ्यात आधीची गोष्ट असते, चहा मागाहून. त्याने जेवण दिलं, जागा दिली, चार मान्यवर माणसं बोलावली. खर्चात तो कमी पडला नाही. पाहुणा घरात आल्याचा आनंद त्या घरात नव्हता, एवढंच.

या गोष्टीवर मंडळीत एक जुना प्रश्न आहे. तिने प्रीती केली म्हणून तिला क्षमा मिळाली, की क्षमा मिळाली म्हणून तिने प्रीती केली? येशू तिला क्षमा झाल्याचं सांगतो ते वाक्य अलग काढून वाचलं तर पहिल्यासारखं वाटू शकतं. पण दृष्टान्त आपल्यापुढे आहे. त्यात कर्ज आधी सुटतं आणि प्रीती मागून येते. प्रीतीच्या बदल्यात कर्ज सोडलं, असं तो सावकार म्हणत नाही. ख्रिस्ती उपासनेचा सगळा पाया या क्रमात आहे, आणि हा क्रम आपल्या हातून फार सहज उलटा होतो.

देवाने आपलं काम केलं की आपण त्याचं देणं द्यायचं, नवस बोललो तर फेडायचा, ही समजूत आपल्या मातीत खोल मुरलेली आहे. आम्ही ख्रिस्ती झालो तरी ती आमच्या घरांतून गेलेली नाही. ऑपरेशन पार पडलं की उपकारस्तुतीची सभा, मुलाला नोकरी लागली की अर्पणाचं पाकीट. त्यात खरी कृतज्ञता असते, मी ती हलकी लेखत नाही. पण पापांची क्षमा या हिशेबात बसत नाही. ती फेडता येत नाही, कारण फेडण्यासारखं काही मागे उरलेलंच नाही. कर्ज सुटलं तेव्हाच कागद फाडला गेला. मग उपासना कशासाठी? १३० व्या स्तोत्रात एक विलक्षण विचार आहे. परमेश्वराच्या ठायी क्षमा आहे, म्हणून लोक त्याचं भय धरतात. आपल्याला वाटतं, भय शिक्षेचं असतं. स्तोत्रकर्ता म्हणतो, क्षमेचं. सगळं माहीत असूनही ज्याने सोडलं त्याच्यासमोर माणूस जेवढा नम्र होतो, तेवढा दंडुक्यासमोर कधीच होत नाही.

आता आमच्या रविवारच्या उपासनेकडे येतो. नगर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळ्यांमध्ये उपासनेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. सुरुवातीचं गीत, मग पापांगीकार. सगळे मिळून एका सुरात म्हणतात की आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो. पाळकसाहेब क्षमेचं आश्वासन वाचतात. आणि तो शेवटचा शब्द हवेत असतानाच पेटीवाला सूर धरतो, गीताचा क्रमांक पुकारला जातो, पुस्तकांची पानं फडफडतात, कुणीतरी शेजारणीला क्रमांक पुन्हा विचारते. जगातली सगळ्यात मोठी बातमी आत्ताच दिली गेली, तुझी पापं तुझ्याकडून काढून घेतली आहेत अशी, आणि आम्ही पान शोधतो आहोत. क्रम अगदी बरोबर आहे. ज्यांनी तो बसवला त्यांनी क्षमेनंतर लगेच गीत ठेवलं ते विचार करूनच. माफी मिळालेल्या माणसाच्या तोंडून पहिलं गाणंच निघावं, म्हणून. आमच्या हातात फक्त क्रम उरला आहे.

तरी अधूनमधून काहीतरी घडतं, आणि ते पाहिलं की सगळं पुन्हा खरं वाटायला लागतं. आमच्याकडच्या एका खेड्यातल्या मंडळीत दोघे सख्खे भाऊ होते. शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेलं. बांध कुणी किती कोरला यावर मोजणी झाली, तलाठ्याकडे चकरा झाल्या, बायकांचं एकमेकींच्या दारात जाणं थांबलं. प्रभुभोजनाच्या रविवारी दोघेही उपासनेला यायचे, दोन टोकांच्या बाकांवर बसायचे. मंडळी मेजाकडे उठून जायला लागली की थोरला बसून राहायचा. मांडीवर टोपी, नजर टोपीवर. कुणी काही विचारत नसे. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

एका पावसाळी रविवारी धाकटा आलाच नव्हता. पापांगीकार झाला, आश्वासनाचं वचन वाचून झालं आणि थोरला उठला. आम्हाला वाटलं, तब्येत बरी नसेल. तो दाराबाहेर पडला आणि पावसातच भावाच्या वस्तीच्या वाटेला लागला. प्रवचन झालं, मेज मांडलं गेलं, भाकर मोडली, लहान लहान पेले वाटून झाले, रिकामे पेले ट्रेमध्ये परत आले, पाळकीणबाईंनी मेजावर पांढरं कापड पसरलं. शेवटचं गीत चालू असताना तो परत आला. चपला दाराशी काढल्या होत्या, पण पोटरीपर्यंत काळी माती चिकटलेली. सदरा अंगाला चिकटलेला. तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला आणि गायला लागला. गळा सुरात नव्हता, कडवंही तो पुढचंच म्हणत होता. पण त्याचा आवाज त्या पत्र्याच्या छपराखाली सगळ्यांच्या वर गेला. पेटीवाल्याने शेवटचं कडवं आपणहून पुन्हा घेतलं.

तिकडे वस्तीवर दोघांत काय बोलणं झालं हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी दोघे एका बाकावर होते. बांधाचा निकाल मात्र बऱ्याच दिवसांनी लागला आणि तो दोघांपैकी कुणाच्याच मनासारखा नव्हता.

त्या दिवशी थोरल्याचं प्रभुभोजन चुकलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. वेदीपाशी पोहोचलेल्या माणसाला परत पाठवणारा हा उपदेश आहे. देवाला आपलं दान इतकं हवं नसतं की भावाला उपाशी ठेवून ते घ्यावं. जक्कयाचंही तेच. यरीहोच्या त्या जकातदाराच्या घरी येशू उतरला, तेव्हा तो आनंदातच उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्याने क्षमा विकत घेतली नाही. येशू त्याच्या घरी आधीच आलेला होता.

क्षमा आणि उपासना यांच्याबद्दल बोलताना मला दावीदाला टाळता येत नाही, आणि तो सोपाही वाटत नाही. त्याने बथशेबेला बोलावून घेतलं, तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढे ठेवून मारवलं आणि तिला घरात आणलं. नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर ते सांगितलं. दावीद म्हणाला, मी पाप केलं आहे. नाथान म्हणाला, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. आणि त्याच श्वासात म्हणाला, मूल मरेल. सात दिवस दावीद जमिनीवर उपाशी पडून राहिला. मूल गेलं. चाकर त्याला सांगायला भीत होते. तेव्हा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलं आहे की तो उठला, त्याने अंघोळ केली, अंगाला तेल लावलं, कपडे बदलले आणि परमेश्वराच्या घरात जाऊन दंडवत घातला. मग घरी येऊन जेवायला मागितलं.

ही ओळ वाचून मी नेहमी थबकतो. त्याने मागितलेलं मिळालं नव्हतं. क्षमा झाली होती, पण तिच्याबरोबर काही परत आलं नव्हतं. ते बाळ नाही, उरीया तर नाहीच. नवसाच्या हिशेबात ही उपासना कुठेच बसत नाही. आणि एक्कावन्नावं स्तोत्र, जे या प्रसंगाशी जोडलं जातं, त्यात आधी धुऊन काढण्याची याचना आहे, मग नवं अंतःकरण मागणं आहे, आणि त्यानंतर देवाने ओठ उघडले तर स्तुती करीन असं म्हणणं आहे. ओठ उघडणंही देवाकडेच मागितलं आहे. यज्ञपशू देवाला नको, भंगलेलं हृदय तो नाकारत नाही, हेही त्यातच.

एक गोष्ट मला या स्तोत्रात खुपते, ती सांगतो. त्यात उरीयाचं नाव नाही. दावीद म्हणतो की मी तुझ्याच विरुद्ध पाप केलं. मग ज्याचा जीव गेला त्याचं काय? ज्या बाईला विचारलंच नाही तिचं काय? क्षमेवर गाणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न पडला पाहिजे असं मला वाटतं. उत्तर मला मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मिळालं, जिथे आपण वंशावळ म्हणून पान उलटतो. तिथे दावीदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून, असं लिहिलं आहे. बथशेबेचं नाव न घेता उरीयाचं घेतलं आहे. येशूच्या कुळीत, त्याच्या जन्माच्या कथेच्या उंबरठ्यावर, मारल्या गेलेल्या त्या हित्ती शिपायाचं नाव जपून ठेवलं आहे. देव पाप विसरतो असं आपण म्हणतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो विसरत नाही. ज्या उपासनेत दुखावलेल्याचं नाव घ्यायला जागा नाही, ती मला अपुरी वाटते.

आपल्याकडे हे सगळं एका आयुष्यात पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विद्वत्ता होती, कामाची धडाडी होती, श्रद्धेची बुद्धीने घेतलेली पारख होती. आणि तरी आपल्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे नोंदवलं आहे की ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त नव्हे; बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री पटली. पन्नास दीनारवाल्याला आपलं कर्ज दिसतं ते असं. एवढ्या निर्मळ, एवढ्या सोसलेल्या बाईला ते दिसलं, हे वाचून माझी मान खाली जाते.

त्यानंतर काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अन्नाला मोताद झालेल्या मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. १९०५ मध्ये तिथे जागृती झाली. मुली तासन्‌तास पापं कबूल करत रडत होत्या आणि मग तेवढ्याच जोराने गात होत्या. पण मला त्या दिवसांपेक्षा नंतरची वर्षं जास्त बोलतात. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, साध्या बाईलाही वाचता यावं अशा मराठीत. मुक्तीच्याच छापखान्यात बायका खिळे जुळवायला शिकल्या. शिशाचा एकेक बारीक खिळा खणातून उचलायचा, ओळीत उलटा लावायचा, काना-मात्रा तपासायची, बोटं काळी होईपर्यंत. ज्यांना घरांनी अशुभ म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांच्या बोटांमधून देवाचा शब्द ओळीओळीने जुळत गेला. काम पुरं होता होता, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ही उपासना आहे. तिला पेटी-तबल्याची साथ नव्हती, पण शिमोनाच्या घरच्या त्या बाईच्या अलाबास्त्र कुपीशी तिचं थेट नातं आहे.

आणि गाण्याचं म्हणाल तर नारायण वामन टिळकांचं ऋण आमच्या जिभेवर आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी आमच्या मंडळ्यांत गायली जाणारी पुष्कळशी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली होती. माणसं ती प्रामाणिकपणे गात, पण जात्यावरची ओवी आणि देवळातला अभंग ज्यांच्या कानात होता त्यांचं काळीज त्या चालींत पुरतं मोकळं होत नसे. टिळकांनी अभंग-ओवी रुजवली, भजन-कीर्तन रुजवलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, हे ते उघड सांगत. माफी मिळालेला माणूस रडतो तो आईच्या भाषेत आणि गातो तेही तिच्याच. आजही आमच्याकडे रात्रीच्या भजनाला झांजा निघतात, ढोलकी तापवली जाते, आणि रविवारी बाकावर अवघडून बसलेले तेच लोक सतरंजीवर मांडी घालून डोळे मिटून डुलायला लागतात. शिमोनाची पंगत उठलेली असते आणि पायांशी बसलेले लोक उरलेले असतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते पाळकांना, पेटीवाल्यांना आणि माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना आहे. येत्या रविवारी क्षमेचं वचन वाचून झालं की लगेच सूर धरू नका. क्रमांक आधीच फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे पानं शोधावी लागणार नाहीत. थोडा वेळ मंडळीला त्या वचनासमोर नुसतं उभं राहू द्या. कुणाला उठून बाहेर जायचं असेल तर जाऊ द्या, मागे वळून पाहू नका. मग गीत सुरू करा, आणि उशीर झाला म्हणून त्याची शेवटची कडवी गाळू नका.